सातखणीवर दत्ताचा डोंगर

माझगाव, मुंबई
१५ नोव्हेंबर १९५८

ती. केसरताईस दिनानाथचा नमस्कार.

भाऊबीजेला आलो नाही म्हणून तू रुसली असशील. गोदीत एक बार्ज बुडाला होता. आठ दिवस डोक्यावर तो पितळी टोप आणि पायात शिशाचे बूट घालून मी तळाशीच होतो. ओवाळणी उधार ठेव.

आज पत्र लिहितोय ते मात्र वेगळ्याच कामासाठी. नवलकर सर म्हणून एक गृहस्थ आहेत. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाले, आणि आता त्यांना एकच वेड आहे, जुन्या काळी बुडालेली गलबतं. गोदीत येऊन आम्हा पाणबुड्यांना विचारत बसतात, खाली हाताला काय लागलं म्हणून. स्वतःला पोहता येत नाही.

काल त्यांनी एक चित्र दाखवलं. लांबट चौकोनी दगड, त्याला खालच्या बाजूला दोन चौकोनी भोकं. सर म्हणाले, अरबांची गलबतं चौलच्या बंदरात यायची तेव्हा त्यांचे नांगर असे दगडाचे असत. भोकांत लाकडं ठोकायची, ती तळाला रुतायची. मी चित्र बघतच राहिलो. ताई, तुमच्या मागल्या दारी मामंजी ज्या दगडावर बसून जाळी विणतात, त्याला अशीच भोकं नाहीत का? लहानपणी सुट्टीत तुझ्याकडे यायचो तेव्हा मी त्यात चिंचोके लपवायचो.

एवढं कर. दगड नीट बघ, मोज आणि कळव. आणि तो घरात आला कुठून, तेही विचार.

तुझा
दिनानाथ


थळ, जि. कुलाबा
२० नोव्हेंबर १९५८

चि. दिनानाथास केसरताईचा आशीर्वाद.

तुझ्या वयाची मुलं पत्रातून मुलींची चौकशी करतात, तू दगडाची केलीस. बरं, आलिया भोगासी. मामंजी बंदरावर गेले तेव्हा मोजून घेतला. लांबी माझ्या साडेचार विती, रुंदी दीड. एक टोक तुटलेलं आहे. भोकं दोन, चौकोनी, आणि गंमत म्हणजे एक समोरून आरपार जातं तर दुसरं कुशीतून. सहा बोटं आत गेली. एका भोकातून तुझा चिंचोका निघाला. भोकांच्या कडेला आणि पाठीवर जुन्या कालवांची कवचं चिकटलेली आहेत, ती माझ्या बोटाला लागली. एका अंगाला तीन आडव्या रेघा आणि एक तिरकी कोरली आहे, ती मात्र तुझ्या अरबांची धरू नकोस. ती आमच्या घराची खूण. आमच्या जाळ्यांना बांधायच्या प्रत्येक दगडावर असते.

या दगडाचं मलाही नवल वाटत आलंय. लग्न होऊन आले तेव्हा मी त्यावर मासळी कापायला बसले, तर मामंजींनी हातातून कोयती काढून घेतली. धुणंही आपटू देत नाहीत. कुणाला बसू देत नाहीत, आपण मात्र सकाळ-संध्याकाळ तिथेच. जाळ्यात आला एवढंच सांगतात.

मी वितीने मोजत होते तेव्हा शेजारून भागुबाईकाकी आल्या. मामंजींचे धाकटे भाऊ चंदरकाका, माझ्या लग्नाआधीच दर्यात गेले, त्यांच्या या पत्नी. सुकी मासळी घेऊन अलिबागच्या बाजाराला निघाल्या होत्या, ती टोपली खाली ठेवून तुझं पत्र मला दोनदा वाचायला लावलं. म्हणाल्या, त्या गलबतावर जेवण कोण करत असंल? आता मलाही तेच कुतूहल लागलंय. सरांना विचार.

केसर


माझगाव
२४ नोव्हेंबर १९५८

ती. ताईस नमस्कार.

तुझ्या विती मी सरांना करून दाखवल्या. म्हातारा माणूस खुर्चीतून उठला आणि गुडघा धरून परत बसला. म्हणाले, एक भोक समोरून आणि एक कुशीतून, हीच ती ओळख. दगड किमान आठशे वर्षांचा असावा.

ताई, दगड किनाऱ्यावर सापडला असता तर एवढी मजा नव्हती. पण तो जाळ्यात आला. म्हणजे जिथून आला तिथे तळाशी बाकीचं गलबत असू शकतं. आपल्या देशात असं पाण्याखाली जाऊन कुणी फारसं बघितलेलंच नाही. सरांनी ओळखीतून एक जुना टोप आणि हाताने फिरवायचा हवेचा पंप मिळवलाय. जानेवारीअखेर मला आठवडाभर रजा आहे. जागा तेवढी हवी.

आणि ती मामंजींखेरीज कुणाला माहीत असणार? चाळीस वर्षं होडीची तांडेलकी केलेला माणूस. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एकमेकांवर आणून भर दर्यात बोटाएवढी जागा सापडवणारा. तू गोड बोलून काढून घे. तुला ते नाही म्हणायचे नाहीत.

जेवण कोण करायचं ते सरांनाही ठाऊक नाही. काकींना सांग, चांगला प्रश्न आहे म्हणाले.

दिनानाथ


थळ
१४ डिसेंबर १९५८

चि. दिनानाथास आशीर्वाद.

नाही म्हणायचे नाहीत म्हणे. तीन आठवडे पालथ्या घड्यावर पाणी ओतलं. पहिल्यांदा विचारलं तर ऐकू न आल्यासारखं केलं. दुसऱ्यांदा म्हणाले, विसरलो. मी म्हटलं, मामंजी, तुम्ही कुठल्या साली कुठे किती घोळ मासळी मारली ते तोंडपाठ सांगता. त्यावर उठून बंदरावर निघून गेले.

शेवटी काल भागुबाईकाकी बसल्या होत्या, मी पुन्हा विषय काढला. काकीच म्हणाल्या, सांगा की भावजी, पोर एवढा विचारतंय. मामंजींनी त्यांच्याकडे बघितलं, मग जाळ्याकडे, आणि एका दमात सांगून टाकलं. लिहून घे. खांदेरीचा दिवा उंदेरीच्या दक्षिण बुरजावर आणायचा आणि पाठीमागे कनकेश्वराच्या डोंगराची घळ उघडी पडली की थांबायचं.

काकी घरी जायला उठल्या, मी सोबत निघाले. नंतर वाटेत मला म्हणाल्या, चंदरकाकाही तिकडेच गेले, खांदेरीच्या पल्याड. दर नारळी पुनवेला त्या तिकडेच तोंड करून त्यांच्या नावाचा वेगळा नारळ सोडतात, ते मी बघते ना. म्हणाल्या, दिनानाथ त्या अंगाला उतरंल तवा बघंल काय आहे ते. तू जपून उतर.

केसर


माझगाव
२ फेब्रुवारी १९५९

ती. ताईस नमस्कार.

घाईत येऊन गेलो, तुझ्या हातची कालवणं खाल्ली आणि रिकाम्या हाताने परतलो. तेव्हा मामंजींसमोर बोललो नाही, आता लिहितो.

खांदेरीच्या त्या खुणेवर मी दोनदा उतरलो. तळाशी नुसता चिखल, मांडीपर्यंत आत गेलो. चहूकडे दोरीच्या टोकापर्यंत फिरलो, एक खडा हाताला लागला नाही. दुसऱ्या वेळी हवेची नळी कुठल्याशा जुन्या मोडक्या खुंटाला अडकली. वरचे ओढतायत, खाली मी ओढतोय, आणि टोपात हवा कमी होत चाललेली. सुटलो खरा. सरांना अजून याची पुरती कल्पना नाही, त्यांना सांगू नकोस.

परत आल्यापासून एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. तसल्या चिखलात दगड पडला तर वर्षा-दोन वर्षांत पार गिळला जातो. मग त्याच्या पाठीवर कालवं कशी धरणार? कालवांना उघडा, कडक तळ लागतो. तुमचा दगड त्या जागेवरचा नाही, ताई. एक तर मी खुणेवर चुकलो, नाहीतर मामंजी. मी चुकलो म्हणावं तर होडीवर तुझे यजमान सदाभाऊजी स्वतः खूण धरून होते. आणि मामंजी खुणेत चुकले, हे मी मेलो तरी मानणार नाही.

मग काय समजायचं?

दिनानाथ


थळ
११ मार्च १९५९

चि. दिनानाथास आशीर्वाद.

उत्तराला महिना लागला, रागावू नकोस. हे पत्र तू एकट्याने वाच.

तुझं पत्र मी नेहमीप्रमाणे मामंजींना वाचून दाखवलं. नळी अडकली तिथे आले तशी त्यांनी हातातली सुई खाली ठेवली. विचारलं, दोन डाव गेला खाली? मी हो म्हटलं. त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही अर्ध्यावर उठले. आठव्या दिवशी घरात कुणी नव्हतं, मला मागल्या दारी बोलावलं. म्हणाले, "माज्या खोट्या खुनंवर पोर दोन डाव खाली गेला. काय झाला असता तर? आता ऐक."

बत्तीस सालच्या शिमग्याआधीची गोष्ट. त्या वर्षी थळच्या पाण्यात मासळीच नव्हती. मामंजी, चंदरकाका आणि विठोबा तांडेल असे तिघे होडी घेऊन रेवदंड्यासमोर गेले. ते पाणी रेवदंडेकरांचं. दुसऱ्या गावाच्या पाण्यात न विचारता जाळं टाकणं म्हणजे आपल्यात काय असतं, ते तुला सांगायला नको. जाळी जप्त होतात, तांडेलकी जाते आणि जमातीत मान वर करून बसता येत नाही. म्हणून चोरून टाकलं. जाळं तळाला अडकलं. चंदरकाका दोरी घेऊन बुडी मारून गेले, खाली दगडाला गाठ मारून वर आले. तिघांनी ओढलं तर हा दगड आला, जाळं नाही. काका परत गेले. ते वर आलेच नाहीत.

मामंजी आणि विठोबा उन्हं कलेपर्यंत शोधत राहिले. मग थळला येऊन सांगितलं की चंदर खांदेरीच्या पल्याड पडला. गावातल्या सगळ्या होड्या तीन दिवस खांदेरीला शोधत होत्या, दिनानाथ. मामंजी स्वतः त्यांच्या पुढे होते. विठोबा गेल्या साली वारला, तोंडातून शब्द न काढता.

मी त्यांची सून. अठरा-एकोणीस वर्षं त्यांच्या हाताखाली राहिले, बापापेक्षा जास्त माया केली त्यांनी. त्या दिवशी मात्र माझ्याने त्यांच्याकडे बघवेना.

खरी खूण दिली आहे. रेवदंड्याच्या किल्ल्यातली सातखणी, तो उंच मनोरा, बरोबर चौलच्या दत्ताच्या डोंगरावर आणायची. आणि कोर्लईच्या टोकाआडून मागचा डोंगर नुकता डोकावला पाहिजे, जास्त नाही. एकच अट आहे, भागुबाईला कळता कामा नये. मी हो म्हटलं. चूक केली की काय, कळत नाही.

केसर


रेवदंडा
९ एप्रिल १९५९

ती. ताईस नमस्कार.

पत्र इथूनच टाकतोय, सर शेजारी बसून कलिंगड खातायत.

आधी रेवदंड्याच्या कोळ्यांच्या पाटलांकडे गेलो, नारळ ठेवला, परवानगी मागितली. त्यांनी जागा ऐकली आणि हसले. म्हणाले, तिथं ना? तिथं आम्ही जालीच टाकत न्हाय, सगली फाटतात. आज्यापासनं ठाऊक हाय. ताई, मामंजींनी तेव्हा कुणा एकाला जरी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, तिथे नका टाकू. हे मी त्यांना कधीच सांगणार नाही, तूही सांगू नकोस.

आता खालचं. मी पाच वेळा उतरलो. दिसत काही नाही, हातांनीच बघायचं. पहिल्यांदा गोटे लागले, गुळगुळीत, ढीगभर. वर आणल्यावर सर म्हणाले हा आपल्या किनाऱ्याचा दगडच नाही, गलबत हलकं असलं की तोल धरायला तळाशी भरत तो. त्या ढिगाच्या कडेला तुमच्या दगडासारखे दोन नांगर, अख्खे, भोकांसकट. लाकूड फारसं उरलेलं नाही. चिखलाखाली एका फळीची कड लागली, तिच्यावर हात ठेवून मी किती वेळ नुसता उभा होतो. वरच्यांनी दोरी हलवून विचारलं, जिवंत आहेस ना?

एका मडक्याचं बूड मिळालं. त्याला काजळी आहे. काकींना सांग, जेवण कोण करायचं माहीत नाही, पण कोणीतरी करायचं.

आणि चौथ्या बुडीत ढिगाच्या पलीकडे बारके दगड लागले, मुठीएवढे, एका वळणात ओळीने. अकरा मोजले. एकावर अंगठा फिरवला. तीन आडव्या रेघा आणि एक तिरकी. दुसऱ्यावरही तेच. जाळ्याचं सणाचं सूत कधीच कुजून गेलंय, दगड मात्र जाळं पडलं तसेच आहेत. ताई, त्या टोपात रडताही येत नाही, काच धूसर होते.

एक वर आणला. सरांनी आनंदाने धुतला आणि त्याला चौदावा नंबर दिला. मी त्यांना खरं सांगितलं, सांगावंच लागलं. त्यांनी वही पुन्हा उघडली. नंबर खोडला नाही. पुढे लिहिलं, ‘थळच्या अंबाजी तांडेलांच्या जाळ्याचा दगड, १९३२.’ म्हणाले, हाही बुडालेल्या गलबताइतकाच इतिहास आहे, पण घरच्यांनी हो म्हटलं तरच ठेवू, नाहीतर पान फाडू.

घरच्यांनी म्हणजे कुणी, ते तू ठरव. चौदा नंबर माझ्या ट्रंकेत आहे.

दिनानाथ


थळ
२ मे १९५९

चि. दिनानाथास आशीर्वाद.

मी काही ठरवलं नाही. ठरून गेलं.

तुझं पत्र आलं तेव्हा भागुबाईकाकी ओट्यावर बोंबील निवडत होत्या. म्हणाल्या, वाच. मी पाटलांचं गाळून काजळीपर्यंत वाचलं, त्या खूष झाल्या. पुढचं गाळून शेवटावर आले. काकींना अक्षर येत नाही, पण त्यांनी माझा हात धरला. "एवढा मोठा कागद उलटलास नि चारच वली वाचल्यास? मधला काय झाला?"

मला खोटं सुचेना. मी मागल्या दाराकडे बघितलं. मामंजी जाळं घेऊन बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, वाच केसर, सगला वाच. मी वाचलं, पाटलांचं बोलणं तेवढं सोडून. मध्ये जे लागलं ते त्यांनी स्वतः सांगितलं, माझ्याकडे बघून, काकींकडे बघून नाही.

काकी उठल्या, त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, भावजी, उठा. मामंजी उठले. काकी त्या दगडावर बसल्या. हाताने भोकं चाचपून बघितली. विचारलं, "ह्याला गाठ त्यानंच मारलेली?" मामंजी म्हणाले, व्हय. मग त्या एवढंच बोलल्या, "तीन दिस होड्या खांदेरीला फिरल्या. नि मी सत्तावीस नारल तिकडं सोडलं."

तेव्हापासून त्या रोज त्या दगडावर येऊन बसतात. मामंजी जोत्याखाली जमिनीवर बसून जाळं विणतात. दोघांत बोलणं नाही. मधून मी फिरते, मला हे घर नकोसं झालंय.

पण काकींनी मला तीन गोष्टी तुला विचारायला सांगितल्या आहेत. पाणी किती वाव खोल आहे. खाली मासळी आहे का. आणि तिथे उजेड असतो का. नीट लिही. नंबरचं त्या अजून काही बोलत नाहीत.

केसर


माझगाव
९ मे १९५९

ती. ताईस नमस्कार. हे पत्र काकींना वाचून दाखव, काही गाळू नकोस.

काकी, आधी एक पत्र लिहिलं होतं, गोडगोड. ते फाडलं. तुम्हाला आजवर पुष्कळ खोटं ऐकावं लागलं.

पाणी ओहोटीला साडेसात वाव, भरतीला नऊच्या वर. मासळी खूप आहे. गोट्यांच्या फटींत लांब मिशांच्या शेवंडी आहेत, हात घातला की मागे सरकतात. मोठे मासे अंगाला घासून जातात आणि परत येऊन बघतात. दगड असतील तिथे मासळी धरते, म्हणूनच तर मामंजींना तिथे जाळं टाकावंसं वाटलं असेल.

उजेड नाही. दोन वाव खाली जाईपर्यंत हिरवट दिसतं, तांदूळ धुतल्या पाण्यासारखं. मग तेही जातं. तळाशी पूर्ण काळोख. पण थंडी नाही, आणि वर कितीही लाटा असल्या तरी खाली पाणी फारसं हलत नाही. मला पहिल्यांदा भीती वाटली, नंतर नाही वाटली.

काकांचं म्हणता येईल असं मला काही मिळालं नाही. शोधलं.

दिनानाथ


थळ
२० ऑगस्ट १९५९

चि. दिनानाथास आशीर्वाद.

परवा नारळी पुनव झाली. सकाळी आमची होडी सजली, सोन्याचा कागद लावलेला नारळ निघाला, सगळी गाणी म्हणत बंदरावर. भागुबाईकाकी नव्हत्या. बघते तर लुगडं बदलून, पिशवीत नारळ घेऊन अलिबागच्या वाटेला लागलेल्या. मी मागे धावले. म्हणाल्या, रेवदंड्याला जाते. पाठोपाठ मामंजी आले. काकी त्यांना ये म्हणाल्या नाहीत, नको म्हणाल्या नाहीत. एस.टी.त तिघे तीन बाकांवर बसलो.

रेवदंड्याच्या वाळूवर त्या गावाची पुनव चाललेली. काकी एका बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. एवढा मोठा दर्या, कुठे सोडायचा नारळ? त्यांनी माझ्याकडे बघितलं, मला काय कळणार? मामंजी दहा पावलं मागे होते. ते दर्याकडे पाठ करून वळले, सातखणीकडे बघितलं, तिच्यामागे दत्ताच्या डोंगराकडे. मग म्हणाले, "भागू, अजून उजवीकडं सर." काकी सरल्या. "अजून थोडी." काकी पुन्हा सरल्या. "हां. आता मागं बघ." काकींनी वळून बघितलं. सातखणी बरोबर डोंगरावर आली होती. "आता परत दर्याकडं वळ. तुज्या समोर सरल हाय तो." साडेतीन महिन्यांत त्यांनी एकमेकांचं ऐकलेलं पहिलं बोलणं ते.

काकींनी नारळ सोडला. श्रावणातला दर्या, लाटेने तो परत आणून पायाशी टाकला. पुन्हा सोडला, पुन्हा आला. तेव्हा मामंजींनी तो उचलला आणि पाण्यात शिरले. कमरेएवढ्या, मग छातीएवढ्या पाण्यात. सत्तरीचा माणूस, रे. लाट डोक्यावरून गेली की मला ते दिसेनात, मग परत दिसायचे, नारळ पुढे ढकलत. लाटांच्या पलीकडे गेल्यावर नारळ ओढीला लागला आणि सरळ बाहेर निघाला. मामंजी तिथेच उभे राहिले, खुणेकडे पाठ करून, त्याच्याकडे बघत. मागे वळेनात.

काकी पाण्याच्या कडेला गेल्या. लुगडं भिजलं. म्हणाल्या, "भावजी, वर या आता."

आणि ते वर आले.

येताना एस.टी.त काकींनी मला तुला लिहायला सांगितलंय. उजेड नाही हे खरं लिहिलंस ते बरं केलंस. चौदा नंबर वहीत राहू दे, पण त्याच्यापुढे चंदरचंही नाव घाला.

केसर